हार मोजायचीच नसेल, तर अंतिम सामना कशाला?

आमच्या डॅलसच्या मराठी ग्रुपवर एरवी शाळांचे प्रवेश, हापूसच्या पेट्या आणि भारतात निघालेल्या कुणाच्या बॅगेत दोन किलोंची जागा आहे का, एवढेच विषय चालतात. डिसेंबरचा पहिला शनिवार आला की मात्र एकच भांडण: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये आपल्या गटाच्या, म्हणजे कॉन्फरन्सच्या, अंतिम सामन्यात हरलेल्या कॉलेजला त्या हरण्याची शिक्षा व्हावी का? हे भांडण लागलं ७ डिसेंबर २०२४ च्या रात्री, आमच्याच गावच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीमुळे, म्हणजे एसएमयूमुळे. २०२५ च्या डिसेंबरात अलाबामा आणि बीवाययू (ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी) यांच्या निमित्तानं ते पुन्हा पेटलं. एक बाजू म्हणते, अंतिम सामन्यापर्यंत न पोचता जो घरी बसला तो सुखरूप आणि जो खेळला त्याला शिक्षा, हा कुठला न्याय? दुसरी म्हणते, हरलात ना, मग मुकाट बाहेर व्हा. मला दोन्ही पटत नाहीत, आणि पहिली तर अधिकच पटत नाही, कारण ती दयाळू दिसते. हरूनही एसएमयूला प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, घेतलं ते योग्यच झालं. पण ‘खेळल्याची शिक्षा नको’ हे त्याचं कारण म्हणून सांगितलं जातं ना, ते तत्त्व म्हणून मान्य केलं, तर त्या रात्री एसएमयूच्या पोरांनी जे करून दाखवलं त्याचीच किंमत शून्य होते.

हा खेळ ज्यांना अनोळखी आहे त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू बगलेत मारून पळायचं ते फुटबॉल, नावापुरतं विद्यार्थ्यांचं आहे. प्रत्यक्षात तो लाख-लाख माणसांची स्टेडियम भरणारा धंदा आहे. वरच्या श्रेणीत शंभरावर संघ आणि हंगामात प्रत्येकाला बाराच सामने, त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत वाटलेले. गटातले पहिले दोन संघ डिसेंबरच्या सुरुवातीला अजिंक्यपदासाठी भिडतात आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, तेरा जणांची समिती राष्ट्रीय प्लेऑफचे संघ जाहीर करते. २०१४ पासून २०२३ पर्यंत प्लेऑफमध्ये चारच संघ असत. २०२४ पासून बारा. २०२४ आणि २०२५ मध्ये त्यातल्या पाच जागा समितीच्या क्रमवारीत सगळ्यात वर असलेल्या पाच गटविजेत्यांच्या हक्काच्या, मग त्यांचा क्रमांक बाराच्या खाली का असेना; उरलेल्या सात समितीच्या विचारानं भरायच्या. सगळी रडारड या सात जागांसाठी.

तर एसएमयू. या कॉलेजची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या रात्रीची धग कळणार नाही. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल १९८७ चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द करण्यात आला होता. फुटबॉलच्या इतिहासात ‘मृत्युदंड’ म्हणून ओळखली जाते ती हीच शिक्षा. १९८८ मध्ये ते स्वतःच खेळले नाहीत, आणि त्यानंतर हंगामाअखेरचा एक साधा बाउल सामना, म्हणजे निमंत्रणावर मिळणारा सामना, नशिबी यायला २००९ उजाडावं लागलं. (आज खेळाडूंना राजरोस पैसे मिळतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. काळाचा विनोद म्हणायचा.) २०२४ मध्ये एसीसी या मोठ्या गटात शिरकाव मिळावा म्हणून एसएमयूनं गटाच्या टीव्हीच्या उत्पन्नातला आपला वाटा नऊ वर्षांसाठी सोडला. पंगतीत पाट मिळू दे, पानात नऊ वर्षं काही वाढलं नाही तरी चालेल, असं लिहूनच दिलं म्हणा. आणि पहिल्याच वर्षी हे नवखे गटातले आठच्या आठ सामने जिंकून, ११–१ (अकरा विजय, एक पराभव) अशा कामगिरीनं गटाच्या शार्लटमधल्या अंतिम सामन्यात दाखल झाले.

समोर क्लेमसन. हा संघ तिथं आला होता दुसऱ्याच्या कृपेनं. आदल्याच शनिवारी तो साउथ कॅरोलायनाकडून १७–१४ असा हरला होता. पण त्याच दिवशी मायामीनं सिरॅक्यूजविरुद्ध २१–० अशी आघाडी घेऊनही ४२–३८ असा सामना घालवला आणि शार्लटची रिकामी झालेली जागा तीन पराभव खिशात असलेल्या क्लेमसनला मिळाली. मोठ्या रंगमंचावर नवखा कसा गांगरतो ते मग आम्ही पाहिलं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू, केव्हिन जेनिंग्जच्या हातून चेंडू निसटले, फेकलेले पास भलत्यांनी झेलले, बघता बघता १४–०, मध्यंतराला २४–७, पुढे ३१–१४. आमच्या घरी जमलेल्यांपैकी दोन कुटुंबं ‘उद्या पोरांचा मराठी शाळेचा वर्ग आहे’ म्हणून उठून गेली. ती अजून पस्तावतात. कारण त्यानंतर एसएमयूनं ओळीनं १७ गुण वसूल केले. घड्याळात १६ सेकंद उरलेली असताना जेनिंग्जनं रॉडरिक डॅनियल्सला टचडाउनचा, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणारा, पास दिला आणि फलक ३१–३१ वर आला. सोळा सेकंदांत काय होणार? एवढं झालं: क्लेमसनच्या अ‍ॅडम रँडलनं आलेला चेंडू मैदानाच्या मध्याजवळ आणला, केड क्लुबनिकनं एकच पास दिला आणि पहिल्या वर्षाला असलेल्या नोलन हाउझरनं ५६ यार्डांवरून चेंडू दोन खांबांच्या मधून पार केला. शून्य सेकंद, ३४–३१.

आता मूळ मुद्दा. सामन्याआधी समितीच्या क्रमवारीत एसएमयू आठवा होता. रविवारी तो दहावा झाला. अलाबामा अकरावा. म्हणजे एसएमयू आत आणि अलाबामा बाहेर यांत अंतर होतं एका पायरीचं. मध्यंतराला जे चाललं होतं तेच पुढे चालू राहून ४५–१४ असा निकाल लागला असता, तर ती एक पायरी टिकली असती का? मला वाटत नाही. एसएमयूला वाचवलं ते त्या १७ गुणांनी. संघानं पिछाडी भरून काढली ती भरून काढण्यात काही अर्थ होता म्हणून. प्रत्येक यार्डाला, प्रत्येक गुणाला मोल होतं म्हणून. आणि ‘खेळल्याची शिक्षा नको’ म्हणणारे काय सांगताहेत? की कितीही गुणांनी हरला असता तरी तो आतच असायला हवा होता. मग मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक रेट लॅशली यांनी पोरांना काय सांगायचं होतं? बाळांनो, अंग सांभाळा, निकाल रद्दीत जाणार आहे? ज्या संघाच्या बाजूनं तुम्ही रडता त्याचाच सगळ्यात मोठा पराक्रम तुम्ही खोडून टाकता आहात, हे लक्षात येत नाही का?

शिवाय ‘घरी बसलेला सुखरूप’ हे गृहीतकच खोटं आहे. त्या शनिवारी अलाबामा घरीच बसला होता. क्लेमसनचा अंतिम क्रमांक होता सोळावा, पण गटविजेता म्हणून त्याला हक्कानं बारापैकी एक जागा मिळाली. हाउझरचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता आणि जादा वेळेत एसएमयू जिंकला असता, तर ती हक्काची जागा एसएमयूनं घेतली असती, क्लेमसन घरी गेला असता आणि अलाबामा प्लेऑफ खेळला असता. म्हणजे शार्लटच्या मैदानात पाऊल न टाकलेला संघ शार्लटमध्ये हरला. घरी बसणाऱ्याचं भवितव्य दुसऱ्याच्या पायात असतं. खेळणाऱ्याचं निदान स्वतःच्या तरी. या दोहोंत कुठली अवस्था अधिक अन्यायाची, हे अलाबामाच्या कुठल्याही चाहत्याला विचारा. तो तासभर बोलेल, तेवढी तयारी ठेवा.

समोरच्या बाजूकडे दमदार मुद्दे नाहीत असं मी म्हणत नाही. सगळ्यात दमदार मुद्दा आहे शरीराचा. त्याच दिवशी अटलांटात जॉर्जियानं टेक्ससला जादा वेळेत २२–१९ असं हरवून एसईसी या दुसऱ्या बड्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं, पण पूर्वार्धाच्या शेवटी त्यांचा क्वार्टरबॅक कार्सन बेकचं कोपर दुखावलं, पुढे शस्त्रक्रिया झाली आणि प्लेऑफमधल्या पहिल्याच सामन्यात जॉर्जिया नोत्र दामकडून २३–१० असा गारद झाला. म्हणजे इथं जिंकणाऱ्यानंच किंमत मोजली. दुसरीकडे, ओहायो स्टेट मिशिगनकडून १३–१० अशी हरून गटाच्या अंतिम सामन्याला मुकली होती, त्या शनिवारी घरी होती, आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेती झाली. विशीतल्या पोरांच्या गुडघ्या-कोपरांवर एक सामना जादा लादायचा आणि वर त्यातून नुकसानच करून घ्यायचं, हे कुणालाही खटकेल. मलाही खटकतं. पण हा मुद्दा हंगामाच्या लांबीचा आहे. विजेत्या ओहायो स्टेटनं अंतिम सामना न खेळताही त्या मोसमात १६ सामने खेळले. पोरांच्या शरीराची खरोखर काळजी असेल तर कात्री दुसरीकडे चालवावी: त्याच नोव्हेंबरात अलाबामानं खालच्या श्रेणीतल्या मर्सरला बोलावून ५२–७ असं धुतलं. असला सामना तिकीटविक्रीसाठी ठेवायचा आणि बारा आठवड्यांत ज्या सामन्याचा निकाल खरोखर काही सांगतो तोच काढून टाकायचा, ही कसली काळजी?

दुसरा मुद्दाही खरा आहे: २०२४ ची मांडणीच वेडगळ होती. पहिली चार मानांकनं फक्त गटविजेत्यांना द्यायची, असा नियम होता. त्यामुळे अंतिम सामना हरलेल्या टेक्सस आणि पेन स्टेटला पाचवं-सहावं मानांकन मिळून तुलनेनं सोपी वाट मिळाली, तर पेन स्टेटला हरवून अपराजित राहिलेल्या ओरेगनला रोझ बाउलमध्ये समोर कोण आलं? ओहायो स्टेट. ४१–२१. पहिली फेरी न खेळता थेट पुढे गेलेले चारही गटविजेते आपला पहिलाच सामना हरले. हे पाहून ‘जिंकण्यापेक्षा हरणं बरं’ असं कुणी म्हणालं तर त्याला हसता येत नाही. पण दुरुस्ती कशाची व्हायला हवी होती? मानांकनाच्या नियमाची. २०२५ पासून ती झालीही. आता मानांकन थेट क्रमवारीप्रमाणे लागतं. रस्त्यावर खड्डा पडला म्हणून गावचा आठवडी बाजार बंद करा असं कुणी म्हणत नाही.

आणि ही भीती नवी नाही. १९९२ मध्ये एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी गटाचा अंतिम सामना पहिल्यांदा भरवला, तेव्हा अनेक प्रशिक्षकांची तक्रार हीच होती: अपराजित संघाला आणखी एक सामना खेळायला लावाल आणि हातातोंडाशी आलेलं राष्ट्रीय अजिंक्यपद घालवाल. पहिल्याच वर्षी घोडामैदान समोर आलं. बर्मिंगहॅममध्ये अपराजित अलाबामा आणि फ्लोरिडा शेवटच्या सत्रात २१–२१. अँटोनियो लँगमनं फ्लोरिडाचा पास मध्येच पळवून टचडाउन केला, अलाबामा २८–२१ असा सुटला, आणि मग मायामीला ३४–१३ असं लोळवून राष्ट्रीय विजेता झाला. आज जे ‘जादा सामन्याची शिक्षा’ म्हणून ओरडतात त्यांतले बरेच जण त्याच अलाबामाचे. त्या वर्षीचं त्यांचं सोनं त्याच भट्टीतून निघालं होतं, हे ते विसरतात.

पण उलटं उदाहरणही आहे, आणि मी ते लपवणार नाही. किंबहुना ‘हरलात ना, बाहेर व्हा’वाल्या दुसऱ्या बाजूला मी तेच दाखवतो. ५ डिसेंबर १९९८, सेंट लुईस. कॅन्सस स्टेट: दशकानुदशकं देशातला सगळ्यात जास्त हरणारा संघ म्हणून कुप्रसिद्ध, बिल स्नायडर यांनी १९८९ पासून उभा केलेला, आणि त्या दिवशी ११–०. बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात शेवटच्या सत्राआधी टेक्सस ए अँड एमवर २७–१२ अशी आघाडी. मग जे एसएमयूनं केलं तेच ए अँड एमनं केलं, फरक एवढाच की त्यांना ते पूर्णत्वाला नेता आलं. १५ गुण भरून काढून २७–२७, आणि दुसऱ्या जादा वेळेत ब्रँडन स्टुअर्टच्या पासवर सर पार्करनं कोपऱ्यात झेप घेऊन ३६–३३. कॅन्सस स्टेटच्या हातून राष्ट्रीय अंतिम फेरी गेली. इतपत ठीक, हरल्याची किंमत ती. पण पुढे काय झालं? बीसीएस या तेव्हाच्या राष्ट्रीय निवडपद्धतीच्या अंतिम क्रमवारीत तिसरा असूनही चार मोठ्या बाउलपैकी कुणीच त्यांना बोलावलं नाही. त्यांची बोळवण झाली अलामो बाउलमध्ये, आणि तोही ते हरले. लोक याला ‘अंतिम सामना हरल्याची शिक्षा’ म्हणतात. नीट बघा. क्रमवारीनं त्यांना तिसऱ्यावरच ठेवलं होतं, आणि दोन जादा वेळांत हरलेल्या अपराजित संघाला ते शोभलंही असतं. बाकी अपमान केला तो आमंत्रणं वाटणाऱ्यांनी, ज्यांना कुठल्या गावचे चाहते किती हॉटेलं भरतील याची जास्त चिंता होती. नंतर नियम झाला की तिसऱ्या क्रमांकाला जागा पक्की; लोक त्याला ‘कॅन्सस स्टेट नियम’च म्हणू लागले. त्यातला धडा मी असा घेतला: निकाल मोजल्यानं त्यांचं नुकसान झालं ते थोडं, निकाल बाजूला ठेवून माणसांनी आपापल्या सोयीनं ठरवल्यानं झालं ते मोठं.

कारण निकाल मोजायचा नाही म्हटलं, तर त्याच्या जागी काय येणार? पोकळी राहत नाही. तिथं येतं कुणाचं तरी ‘डोळ्यांना काय दिसतं’, कुणाचं तरी ‘खरं तर हाच संघ भारी’, आणि त्याच्या मागोमाग जर्सीवरचं नाव. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटनं तेराच्या तेरा सामने जिंकले, गटाचा अंतिम सामना लुईव्हिलविरुद्ध १६–६ असा जिंकला, तरी चार संघांत त्यांना घेतलं नाही. का? तर क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता आणि समितीच्या मते आता हा संघ तितकासा चांगला राहिला नव्हता. घडलेल्या सामन्यांपेक्षा न घडलेल्या सामन्यांचा अंदाज वरचढ ठरला. २०१४ मध्ये टीसीयूची (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची) गत याहून मजेशीर. त्यांच्या बिग ट्वेल्व्ह गटात तेव्हा दहाच संघ, अंतिम सामना नव्हता. म्हणजे आजच्या भाषेत ‘सुखरूप’. तिसऱ्या क्रमांकावर असताना शेवटचा साखळी सामना ५५–३ असा जिंकूनही ते सहाव्यावर घसरले. कारण त्याच दिवशी ओहायो स्टेटनं तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला घेऊन गटाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९–० असं चिरडलं आणि चौथी जागा पटकावली. पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदही. या अनुभवानंतर त्या गटानं काय केलं? २०१७ पासून अंतिम सामना पुन्हा सुरू केला. जादा सामना हा फास असता, तर तो कुणी आपण होऊन गळ्यात अडकवून घेतला असता का?

आता २०२४ च्या अलाबामाकडे वळतो, कारण त्या बाजूचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. आमचं वेळापत्रक खडतर, आम्ही जॉर्जियाला हरवलं, एसएमयूनं कुणाला हरवलं? यात तथ्य आहे. एसएमयूला नियमित हंगामात ना क्लेमसन लागला ना मायामी, आणि क्रमवारीतल्या बड्या धेंडाला हरवल्याचं एकही पदक त्यांच्याकडे नव्हतं. निवड झाल्यावर अलाबामाच्या क्रीडा संचालकांनी असंही सुचवलं की हेच फळ असेल तर गटाबाहेरचे अवघड सामने घ्यायचे की नाही याचा आम्हाला विचार करावा लागेल. पण अलाबामा हरला कुणाकडून? व्हँडरबिल्ट, टेनेसी, ओक्लाहोमा. तिन्ही सामने गटातलेच. त्यांतले व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा ६–६ वर रखडलेले, आणि ओक्लाहोमाविरुद्ध तर २४–३. गटाबाहेरच्या अवघड सामन्यानं त्यांचं काय बिघडवलं? नाचता येईना, अंगण वाकडं. पुढे एसएमयू पेन स्टेटकडून ३८–१० असा वाईट हरला तेव्हा ग्रुपवर ‘बघा, सांगत होतो’ असे संदेश धडाधड आले. त्याच दिवशी एसईसीचा टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२–१७ असा हरला, तेव्हा मात्र कुणी म्हणालं नाही की टेनेसीची लायकीच नव्हती. आणि स्वतः अलाबामा? त्यांच्या बाउलमध्ये ते मिशिगनकडून १९–१३ असे हरले.

२०२५ मध्ये मात्र ‘शिक्षा नको’ हे तत्त्व प्रत्यक्ष वापरून दाखवण्यात आलं, आणि ते कसं दिसतं ते आपण पाहिलं. अलाबामा नवव्या क्रमांकावर असताना एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८–७ असा हरला. रविवारी अलाबामा कितव्या क्रमांकावर? नवव्या. एकवीस गुणांचा पराभव, घसरण शून्य. आमच्या घरापासून तासाभरावर आर्लिंग्टनमध्ये बीवाययू टेक्सस टेककडून ३४–७ असा हरला. तो अकराव्यावरून बाराव्यावर गेला आणि बाहेर पडला. व्हर्जिनिया ड्यूककडून जादा वेळेत २७–२० असा हरला. त्यालाही बाहेरचा रस्ता. बीवाययू बाहेर गेला याबद्दल माझी तक्रार नाही. टेक्सस टेकशी ते मोसमात दुसऱ्यांदा, दुसऱ्यांदाही दणकून हरले होते. तक्रार आहे ती याची, की दया दाखवायची तर ती कुणाला, हे त्या रविवारी जर्सीच्या रंगावरून ठरल्यासारखं दिसलं. ‘खेळल्याची शिक्षा नको’ हा नियम सगळ्यांना लावता येत नाही, कारण जागा बाराच आहेत. लावताना निवड करावीच लागते, आणि ती करताना पारडं कुठल्या बाजूला झुकतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

अलाबामानं पुढे ओक्लाहोमाविरुद्ध १७–० अशी पिछाडी भरून काढत ३४–२४ असा विजय मिळवला, हे मान्य. फेडलं ना ऋण, असं मला ऐकवण्यात आलं. मग पुढच्या सामन्यात इंडियानानं त्यांना ३८–३ असं घरी पाठवलं, त्याचं काय करायचं? एसएमयूच्या ३८–१० वरून एसएमयूची निवड चुकीची ठरत नसेल, तर ओक्लाहोमावरच्या विजयानं अलाबामाची निवड योग्यही ठरत नाही. निवड त्या रविवारी हातात असलेल्या निकालांवर व्हायची असते, आणि हातात होते २८ आणि ७.

त्याच रविवारी आणखी एक चमत्कार झाला. मायामी आणि नोत्र दाम दोघेही शनिवारी घरी बसलेले. आधी नोत्र दाम दहावा, मायामी बारावा. रविवारी मायामी दहावा, नोत्र दाम अकरावा. दोघांपैकी कुणीही खेळलं नव्हतं! समितीचं स्पष्टीकरण असं, की दोघांच्या मधला बीवाययू घसरल्यामुळे दोघे शेजारी आले, आणि शेजारी आल्यावर ऑगस्टमध्ये मायामीनं नोत्र दामला २७–२४ असं हरवलं होतं ते विचारात घ्यावं लागलं. ऑगस्टमधला निकाल नोव्हेंबरभर समितीला दिसत नव्हता का? नोत्र दाम तर कुठल्याच गटात नाही, त्यामुळे अंतिम सामन्याची जोखीम त्यांना कधी नसतेच. तरी बाहेर. ज्यांना ‘घरी बसणं म्हणजे सुख’ वाटतं त्यांनी नोत्र दामच्या खेळाडूंना विचारावं. त्यांनी त्या रागात बाउल सामनाच नाकारला.

मग हरलेल्याला दुसरी संधी नकोच का? हवी, पण ती आधी लिहिलेली असावी. आपल्याकडे आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांत क्वालिफायर होतो, हरलेल्याला आणखी एक सामना खेळून अंतिम फेरी गाठता येते. २०१७ मध्ये पुण्यानं मुंबईला वानखेडेवर २० धावांनी हरवलं, मुंबईनं ती दुसरी संधी वापरली आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात त्याच पुण्याला एका धावेनं हरवलं. पुणेकर अजून हळहळतात, आणि हळहळणाऱ्यांत मीही आहे. पण अन्याय झाला असं आम्हाला म्हणता आलं नाही. सवलत काय आणि तिची किंमत काय, दोन्ही पहिला चेंडू पडण्याआधी ठरलेलं होतं, आणि मुंबईला ती फुकट मिळाली नाही. एक सामना जास्त खेळून मिळाली. इथं सवलत शनिवारी रात्री सामना संपल्यावर एका बंद खोलीत ठरते. अंतिम सामना हरलेला संघ किती खाली जाऊ शकतो, कितीपेक्षा खाली जाऊ शकत नाही, गुणांचा फरक किती मोजायचा, हे ऑगस्टमध्ये छापून टाका. मग अलाबामा असो की बीवाययू, ज्याला त्याला आपलं गणित माहीत असेल. तेव्हा ३१–१४ अशा पिछाडीवर असलेल्या पोरांनाही कळेल की पुढचा प्रत्येक गुण कुठल्या पायरीचा आहे.

ग्रुपवर कुणी तरी लिहिलं होतं, एसएमयूनं पुढच्या खेपेला शहाणपणानं वागावं आणि या अंतिम सामन्याच्या फंदात पडू नये. नियतीनं ते ऐकलं असावं. २०२५ मध्ये त्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथंच डॅलसमध्ये मायामीला जादा वेळेत २६–२० असं हरवलं, आणि शेवटच्या साखळी सामन्यात कॅलिफोर्नियाला हरवलं असतं तर ते पुन्हा शार्लटला गेले असते. हरले, ३८–३५. ८–४. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ना दुखापतीची धास्ती, ना सतरा गुणांची पिछाडी, ना ५६ यार्डांची किक. त्यांनी ज्याला हरवलं तो मायामी प्लेऑफमध्ये गेला. आमच्या ग्रुपवर त्या रात्री हापूसचा हंगाम अजून चार महिने लांब आहे, एवढीच चर्चा होती.